टाच आधी की हात आधी

आमच्या गल्लीतली अंडेवाली माझ्या बायकोला लांबून येताना पाहिलं की टोपलीवर फडकं टाकते. माझी बायको, पेइ युमिन, प्रत्येक अंडं उजेडाकडे धरून बघते. मग कानाशी हलवून बघते. मग अंडेवालीच्या तोंडाकडे बघते, कारण तिच्या मते अंड्यात काय आहे ते अंड्यापेक्षा विकणाऱ्याच्या तोंडावर लवकर दिसतं.

हा स्वभाव तिनं नोकरीतून उचलला की स्वभाव बघून तिला ती नोकरी दिली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चीनमधल्या आमच्या बाओदिंग शहरात एका कापडगिरणीत ती कापड तपासायला होती. खालून दिवे लावलेल्या तिरक्या काचेवरून कापड सरकत जायचं आणि ही त्यावर डोळे लावून उभी. कुठे धागा सुटला, कुठे गाठ राहिली, की हिचा हात फटकन कापडावर. विणणाऱ्या बायका हिच्या नावानं बोटं मोडायच्या. घरी आली तरी डोळे कामावरच. माझ्या सदऱ्यावर दुसऱ्याचा केस दिसला की हिच्या कपाळावर आठी. मी केस कापायचाच धंदा करतो, हे मला दर वेळी नव्यानं सांगावं लागायचं.

पण ही नुसती खोड नव्हती, तिला कारण होतं. आम्ही तरुण असताना आमच्याकडे चीगोंगचं वेड आलं होतं. श्वासानं अंगातलं वारं फिरवायचं, साठवायचं, ही आमची जुनी विद्या. विद्येला मी नावं ठेवत नाही. पण त्या दिवसांत जो उठेल तो महागुरू. असाच एक जण गिरणीच्या सभागृहात आला. सुटाबुटातला, मानेवर केस रुळलेले. ते कुणीतरी कापायला हवे होते. स्टेजवरून म्हणाला, "तळहात वर करा, मी इथून शक्ती पाठवतो." सगळ्या बायकांनी हात वर केले. कुणाचे तळवे गरम झाले, कुणाच्या अंगावर काटा आला. पेइ उभी राहिली आणि म्हणाली, "माझे हात गारच आहेत. आधी शेगडी पेटवा." तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

तिची थोरली बहीण पहिल्या रांगेत बसली होती. ती घरी गेली आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिनं चुलीत टाकल्या. पेइनं पाय धरले तर म्हणाली, "तुझ्यासारख्या शंकेखोर बाईला नाही कळायचं." तो हिवाळा संपायच्या आत तिचं अर्धं अंग गेलं, आणि मग हळूहळू उरलेलंही. त्यानंतर आमच्या घरात कुणी शक्ती, वारं, गुरू असं काही बोललं की स्वयंपाकघरातून कढई आपटल्याचा आवाज यायचा.

अशी बाई थोंग वस्तादांच्या पायाशी कशी गेली, ते ऐका. पायाशी म्हणजे पकडायला गेली.

मी खंदकाकाठच्या बागेच्या फाटकाशी खुर्ची टाकतो. भिंतीला आरसा, शेजारी पाण्याची किटली, खणात वस्तरा आणि पावडरचा डबा. पेइ निवृत्त झाली, गुडघे धरले, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. ती माझ्या खुर्चीपर्यंत चालत यायची आणि तिथेच स्टुलावर बसून बागेची तपासणी करायची. पंख्याचा नाच करणाऱ्या बायका चोरून बसतात. तलवारवाल्यांच्या तलवारी पत्र्याच्या. गाणारा म्हातारा वरचा सूर आला की खोकल्याचं सोंग घेतो. सगळं तिला दिसायचं आणि ती सगळं मोठ्यानं सांगायची. माझी गिऱ्हाइकं हसायची आणि मला वस्तरा आवरावा लागायचा.

फक्त पॉपलरच्या झाडांखालचं काही तिला सापडेना. तिथे थोंग वस्ताद शिकवायचे. बारीक, वाकलेले, कानात कापूस. पूर्वी रेल्वेच्या गोदामात हमालांवर मुकादम होते. त्यांची विद्या आतली. जोर दंडात नाही, आत असतो म्हणतात. बाहेरून बघाल तर म्हातारा माणूस अंधारात भिंत चाचपतोय असं वाटेल.

"तो पैसे घेत नाही," पेइ एक दिवस म्हणाली.

"मग चांगलंच की."

"जो पैसे घेत नाही तो काय घेतो, ते बघायला पाहिजे."

तिनं बघितलं. त्यांच्या मागे मागे मंडईपर्यंत गेली. त्यांनी कोबी घेतला. पठ्ठे आणतात त्या चहाचा वास घेऊन पाहिला, स्वस्तातला. शेवटी ती सरळ झाडाखाली जाऊन म्हणाली, "मलाही शिकवा."

वस्तादांनी तिला उभं केलं. गुडघे किंचित वाकवून, हात पुढे, कवेत झाड धरल्यासारखे. बस, एवढंच. पहिला धडा खांब होऊन उभं राहण्याचा, आणि बहुतेकांचा शेवटचाही तोच, कारण लोक कंटाळून पंख्याच्या नाचाला जातात.

"वस्ताद, असं उभं राहून काय येतं?"

"घाम येतो."

"आणि ते वारं? शक्ती?"

"आली तर मलाही सांगा, पेइबाई. मी पण वाट बघतोय."

या उत्तरानं तिचा संशय दुप्पट झाला. घरी येऊन म्हणाली, "खोटारडा असता तर हो म्हणाला असता. हा काहीतरी लपवतोय." मी म्हटलं, वस्ताद लोक एक डाव राखून ठेवतातच. मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं स्वतःपाशी ठेवलं. "तेच," ती म्हणाली. "ते झाडावर चढणं मला बघायचंय."

म्हणून ती रोज जाऊन उभी राहिली. थंडीत नाकातून पाणी गळत असताना उभी. आमच्याकडचं ते वाळूचं पिवळं वादळ आलं तेव्हा तोंडाला फडकं बांधून उभी. पुढे गुडघे दुखायचे थांबले. मी विचारलं तर म्हणाली, "हवा बदलली असेल."

आता पठ्ठ्यांचं सांगतो. उभं राहणारे निराळे आणि पठ्ठे निराळे. ज्यानं वस्तादांपुढे डोकं टेकवून दोन्ही हातांनी चहा दिला आणि वस्तादांनी तो प्यायला, तो पठ्ठा. वस्तादांच्या हाताला हात लावायचा मान त्यालाच. मनगटाला मनगट लावून एकमेकांचा तोल काढायचा, असा तो खेळ. आणि वस्तादांनी तोल काढला की पठ्ठा असा उडायचा की मागच्या पॉपलरवर पाठ आदळून पानं पडायची. बघायला गर्दी जमायची. थोरला पठ्ठा निंग बाओछंग तर उडताना "आयो!" असंही ओरडायचा. निंगचं नळ, शॉवर आणि संडासाच्या भांड्यांचं मोठं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण स्वतःच्या दुकानात उभा असल्यासारखा सगळीकडे उभा राहतो.

पेइनं हे काही दिवस नुसतं पाहिलं. मग एका सकाळी स्टुलावर येऊन बसली आणि खालच्या आवाजात बोलायला लागली. माझी बायको खालच्या आवाजात बोलली म्हणजे गोष्ट गंभीर.

"म्हाताऱ्या, त्यांच्या टाचांकडे बघ."

मी बघितलं. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून बघितलं. निंगची टाच उचलली, मग वस्तादांचा हात त्याला लागला. दुसरा आला. टाच आधी, हात नंतर. तिसऱ्याचंही तेच.

"उड्या मारतायत!"

"सगळे," ती म्हणाली. "आणि वस्तादाला माहीत नाही."

हे कसं झालं असेल ते मला लगेच कळलं, कारण मी याच गावचा आहे. आमच्याकडे गुरूचा धक्का छाती काढून झेलणं म्हणजे गुरूच्या तोंडावर 'तुमच्यात काही दम नाही' म्हणण्यासारखं. कधीतरी परगावचे पाहुणे आले असतील, निंगनं मानाखातर दोन पावलं जास्त मागे घेतली असतील. दुसऱ्यानं पाहिलं, त्यानं तीन घेतली. मग जो कमी उडेल त्याची निष्ठा कमी. असं करत करत मंडळी झाडापर्यंत पोचली. उडी मारणाऱ्याला ठाऊक, शेजारच्याला ठाऊक. ज्याच्यासाठी मारली त्याला सांगणार कोण?

पेइला आधी आनंद झाला, पकडलं म्हणून. तो आनंद फार टिकला नाही. निंगनं दुकानाच्या माडीवर विद्येची शाळा काढायचं ठरवलं होतं. उद्घाटनाला थोंग वस्ताद आणि शहरातल्या एका व्यायामशाळेतला मुष्टियुद्ध शिकवणारा तरणाबांड पोरगा यांचा सामना. पाटीसुद्धा रंगवायला दिली होती. वस्तादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. त्या पोराला जास्त लागणार नाही असं बघतो."

हे ऐकून पेइ घरी आली आणि पुढ्यातल्या गाढवाच्या मटणाच्या रोटीला तिनं हातही लावला नाही. ही रोटी आमच्या गावची खासियत, पेइ ती कुणासाठी सोडत नाही.

"मरेल तो म्हातारा."

"तू तर त्याला पकडायला गेली होतीस ना?"

"चोर समजून गेले होते. तो चोर नाही रे. चोरी त्याच्याच घरी झालीय."

दुसऱ्या दिवशी तिनं निंगला न्याहारीच्या गाडीपाशी गाठलं. तो सोयाबीनच्या दुधात तळलेली कणकेची कांडी बुडवत होता.

"निंग, वस्तादांना खरं सांग."

"काय खरं, पेइताई?"

"तुमच्या टाचांचं."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "ताई, गुरूला तोंडावर कमजोर म्हणायचं? त्या तलवारवाल्यांनी पाठवलंय ना तुम्हाला? मला पहिल्यापासून वाटत होतं. वर्ष होत आलं, चहा देत नाही, डोकं टेकत नाही, नुसती बघत उभी राहते ही बाई!"

"त्या मुष्टिवाल्या पोराचं काय?"

"तो ओळखीतला आहे. सांगून ठेवलंय. तोही उडेल."

"आणि नाही उडाला तर?"

निंगनं कांडी तोंडात घातली. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

मला निंगचा राग आला, तसा वस्तादांचाही आला. एवढी वर्षं माणसं उडतायत आणि यांना एकदाही शंका येऊ नये? पण शंका त्यांनाही आली होती. त्याच आठवड्यात ते माझ्या खुर्चीत बसले. मी गळ्याभोवती फडकं बांधलं, साबण लावला. डोळे मिटून म्हणाले, "यिन, काल निंग उडाला."

"रोजच उडतो, वस्ताद."

"काल माझा हात बाहीतच होता. थंडी होती म्हणून मी तो अजून बाहेर काढलाच नव्हता."

मी वस्तरा गालावरून बाजूला घेतला. अशा वेळी हात हलला तर बोल आपल्यावर येतो.

"सगळ्यांना एकेकट्याला विचारलं. सगळे शपथा घेतात. जितकी मोठी शपथ, तितकी मला कमी खात्री." मग त्यांनी एक डोळा उघडला. "तुझी बायको खोटं बोलते का रे?"

"तिला बोलता आलं असतं, वस्ताद, तर माझा संसार सुखाचा झाला असता."

म्हणून दुसऱ्या दिवशी पठ्ठे यायच्या आधी, धुकं आणि कोळशाचा धूर यांत फरक कळत नाही अशा वेळी, वस्ताद आणि पेइ पॉपलरखाली समोरासमोर उभे राहिले. चहा नाही, डोकं टेकणं नाही, तरी वस्तादांनी मनगट पुढे केलं. मी साक्षीला. वस्तादांनी ढकललं.

"काय झालं?"

"काही नाही," पेइ म्हणाली.

त्यांनी पाय बदलला, पुन्हा ढकललं. त्यांच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या.

"आता?"

"काही नाही, वस्ताद. तुम्हीच शिकवलंत असं उभं राहायला."

वस्तादांचा चेहरा मी विसरणार नाही. अंगणात ठेवलेलं काही सकाळी उठून बघावं आणि ते जागेवर नसावं, तसा. त्यांनी आशा सोडली. खांदे पडले, हात तिच्या मनगटावर नुसता राहिला, आणि त्यांनी मोठा उसासा सोडला.

आणि पेइ एक पाऊल मागे गेली.

ती स्वतःच इतकी चकित झाली की तोंड उघडंच राहिलं. "गेले! वस्ताद, मी खरंच गेले!"

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, फार थकलेल्या डोळ्यांनी. "तुम्हीसुद्धा, पेइबाई?" एवढंच म्हणाले आणि धुक्यातून घराकडे चालू लागले.

मी माझ्या बायकोला रडताना फार कमी वेळा पाहिलं आहे. बहिणीच्या वेळी, आणि त्या सकाळी. त्यातला अर्धा संताप होता. जिनं जन्मभर कुणावर विश्वास टाकला नाही, तिच्यावर कुणी विश्वास टाकला नाही तर कसं वाटतं, हे तिला पहिल्यांदा कळत होतं. मी म्हटलं, "मी बघत होतो ना. हात आधी, टाच नंतर."

"तू नवरा आहेस. तुझी साक्ष काय कामाची?" मग डोळे पुसून म्हणाली, "मला दया आली होती त्यांची. दयेनं पाय उचलला असेल तर? म्हाताऱ्या, माझं मलाच कळत नाही."

माझ्या खणातला पावडरचा डबा उचलून ती घरी अंगणात आली. फरशीवर तिनं पावडर पसरली, पोळपाटावर पीठ पसरावं तशी.

"उभा राहा. आता मागे उडी मार."

मारली. पावडरीत दोन पायांचे दोन स्वच्छ ठसे, मग मोकळी जागा, मग पुन्हा ठसे.

"आता नुसता उभा राहा." आणि तिनं मला असं ढकललं की त्यात संसाराचा सगळा हिशेब चुकता झाला. मी कोळशाच्या ढिगावर पडलो. पण पावडरीत बघितलं तर टाच फरफटल्याची लांब रेघ. फरक आंधळ्यालाही कळावा. शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "पेइ, या वयात मारू नये गं त्याला."

वस्ताद बागेत यायचे बंद झाले होते. उद्घाटन जवळ आलं होतं. निंग सगळ्यांना सांगत होता की वस्ताद सामन्यासाठी शक्ती साठवतायत. तेव्हा पेइ त्यांच्या घरी गेली. ती आत काय बोलली ते सगळ्या आळीनं ऐकलं.

"वस्ताद, तुम्ही माझ्यावर शंका घेतलीत! माझ्यावर! मी अंडेवालीला सोडत नाही, ती मी तुमच्यासाठी खोटं नाचेन? बूट घाला!"

ती त्यांना घेऊन आली तेव्हा पठ्ठे झाडांखाली जमलेले होते. पेइनं फरसबंदीवर माझी पावडर पसरली. नवा, भरलेला डबा होता.

"हे काय आता?" निंग म्हणाला.

"तपासणी," ती म्हणाली.

वस्तादांना तिनं वाटेत सगळं सांगितलं असावं, कारण ते काही न विचारता पावडरीच्या कडेला आले आणि म्हणाले, "निंग, ये."

निंग आला. काय होणार हे त्याला कळत होतं. कपाळावर घाम दिसत होता. मला वाटतं, त्यानं त्या दिवशी न उडायचं मनाशी ठरवलं होतं. पण वस्तादांनी हात पुढे केला आणि त्या बिचाऱ्याचे पाय सवयीनं उडाले. पाठ पॉपलरवर आदळली. तोंडातून "आयो"सुद्धा निघालं. पावडरीत दोन स्वच्छ ठसे राहिले, नव्या बुटांच्या नक्षीसकट, आणि पुढे कोरी फरशी.

वस्ताद ते ठसे बघत राहिले. "मला वाटायचं मी तुला फेकतो," ते म्हणाले.

"वस्ताद, तुमचा मान..." निंग झाडाला टेकूनच म्हणाला. "सुरुवातीला तुम्ही खरंच ढकलायचात. नंतर नंतर आम्ही वाटच बघितली नाही."

वस्तादांनी बाकीच्यांकडे पाहिलं. एकही पठ्ठा पावडरीच्या जवळ येईना. ते जायला वळले, तर पेइ पायांनी निंगचे ठसे पुसून तिथे उभी राहिली होती. हात कवेत झाड धरल्यासारखे.

"माझं राहिलंय."

"पेइबाई, पुरे झालं."

"माझ्यावर खोटेपणाचा आळ आहे. तो काढा, मग जा."

त्यांनी मनगट लावलं, ढकललं. काही नाही. पुन्हा ढकललं. काही नाही. पठ्ठे जमिनीकडे बघायला लागले, आणि मलाही वाटलं, कशाला ही बाई त्या म्हाताऱ्याला सर्वांसमोर सोलते आहे? तेवढ्यात ती खेकसली, "तुम्ही ढकलताय! त्या दिवशी तुम्ही ढकललं नव्हतंत!"

वस्ताद थांबले. डोळे मिटले. मला त्यांचा खांदा उतरलेला दिसला, श्वास सुटलेला ऐकू आला. दुसरं काहीच दिसलं नाही, आणि मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. पेइ मागे सरकली. उडाली नाही, ओरडली नाही, तोल सावरत एक पाऊल मागे जाऊन उभी राहिली.

पावडरीत टाच फरफटल्याची रेघ होती, हातभर लांब.

सगळ्यात आधी कोण वाकलं असेल? माझी बायको. तिनं फरशीवरून बोट फिरवलं, वास घेतला, कुणी तेल ओतलंय का ते बघितलं. मग माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. तेव्हा कुठे तिनं वस्तादांना जागा दिली.

वस्ताद हळूच उकिडवे बसले. त्यांनी त्या रेघेला हात लावला नाही, फक्त तिच्या कडेनं बोट नेलं.

"एक पाऊल," ते म्हणाले.

"एकच," पेइ म्हणाली. "पण खरं."

"एवढ्या जन्मात एक पाऊल." मला वाटलं आता रडतील, पण ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग निंगला म्हणाले, "त्या पोराला कळव, म्हाताऱ्याला एक पाऊल येतं, तेसुद्धा आलं तर. त्यावर काय सामना लावतोस! पाटी पुसून टाक." निंगनं मान खाली घालूनच होकार दिला. पुढे त्यानं माडीवर शाळा काढली, चालतेही म्हणतात. काही पठ्ठे तिकडे गेले. खरं सांगायचं तर झाडाखाली आता गर्दी नसते.

पण हे नंतरचं. त्या सकाळी माणसं पांगली आणि मी रिकामा डबा उचलायला गेलो, तेव्हा ते दोघं अजून त्या फरशीशीच होते. पेइच्या हातात चहाचा पेला होता. न्याहारीच्या गाडीवरून आणलेला, साधा. तिनं तो दोन्ही हातांनी पुढे धरला. डोकं मात्र टेकवलं नव्हतं.

"आधी एक विचारते," ती म्हणाली. "तुम्ही राखून ठेवलेला डाव कोणता? मी पहिल्या दिवसापासून शोधतेय."

वस्तादांनी पेला घेतला, पण प्यायले नाहीत. "राखलेलं काही नाही, पोरी. मला वाटायचं माझ्यापाशी पुष्कळ आहे, म्हणून थोडंथोडं देत होतो. होतं ते सगळं तू पावडरीत पाहिलंस. ते कसं येतं, ते मलाही धड माहीत नाही. तुला कळलं तर मला सांग."

मी वाट बघत होतो. आता ती हे उत्तर अंड्यासारखं उजेडाकडे धरेल, कानाशी हलवून बघेल, त्यांच्या तोंडाकडे बघेल.

"बरं," ती म्हणाली.

वस्ताद चहा प्यायले. एवढ्या संसारात मला तिनं पुढचा प्रश्न न विचारता कधी नुसतं 'बरं' म्हटलेलं नाही, आणि मला जरा वाईटच वाटलं.